१:२५ प्रमाणात जॅलोपी: १९५० च्या सुमाराच्या शर्यतगाडीची प्रतिकृती कशी घडवावी

दुसरे महायुद्ध संपल्यानंतर अमेरिकेत गावोगावी मातीच्या लंबगोल ट्रॅकवर शर्यती भरू लागल्या. त्यांत धावणाऱ्या गाड्या बहुतांशी १९३० च्या दशकातल्या, रस्त्यावरून बाद झालेल्या फोर्ड आणि शेव्हरोले असत. अशी एखादी दोन दारांची कूपे भंगाराच्या भावात आणायची, तिचे मडगार्ड, काचा आणि हेडलाइट काढून टाकायचे, दारे वेल्डिंगने किंवा साखळीने कायमची बंद करायची, आत जाड पाइपाची कमान बसवायची, दारावर मोठा आकडा रंगवायचा आणि शर्यतीच्या रात्री ती ट्रॅकवर उतरवायची, असा हा मामला होता. या गाड्यांना जॅलोपी म्हणत. १९६३ मध्ये इंडियानापोलिस ५०० जिंकणाऱ्या पार्नेली जोन्स यांची सुरुवातही कॅलिफोर्नियातल्या अशाच जॅलोपी शर्यतींतून झाली.

प्लॅस्टिकच्या प्रतिकृती करणाऱ्या नवशिक्याला हा विषय मी आवर्जून सुचवतो. चकचकीत स्पोर्ट्सकारच्या प्रतिकृतीत रंगातला धुळीचा एक कणसुद्धा डोळ्यात भरतो, तर जॅलोपीत मूळ गाडीच हातोडीने सरळ केलेली आणि ब्रशने रंगवलेली असल्यामुळे शिकाऊ हाताला बरीच मोकळीक मिळते. ही मोकळीक बेफिकिरीची मात्र नाही. गाडीतून काढलेल्या प्रत्येक भागाला आणि तिच्यावर चढवलेल्या प्रत्येक पाइपाला कारण होते. ते कारण समजून घेऊन काम केले, तर साध्या किटमधूनही खरी वाटणारी गाडी उभी राहते.

किटची निवड

अमेरिकन गाड्यांच्या बहुतेक किट १:२५ किंवा १:२४ प्रमाणात येतात. पहिल्या कामासाठी १:२५ घ्यावे, कारण त्यात हिशेब फार सोपा होतो. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, म्हणून खऱ्या गाडीवरचा एक इंच प्रतिकृतीत जवळजवळ एक मिलिमीटर होतो. शंभर इंचांमागे फरक पडतो तो जेमतेम दीड मिलिमीटरचा. १९३४ च्या फोर्डच्या पुढच्या व मागच्या एक्सलमधले अंतर ११२ इंच होते, ते प्रतिकृतीत ११४ मिलिमीटर येते. अमेरिकन मापे इंचांतच सापडत असल्याने पट्टी घेऊन थेट मिलिमीटरमध्ये काम करता येते.

एएमटी आणि रेव्हेल या कंपन्यांच्या १९३२ व १९३४ च्या फोर्ड गाड्यांच्या किट वेळोवेळी पुन्हा बाजारात येत असतात. नवशिक्याने यांपैकीच एखादी घ्यावी. या गाड्यांचे मडगार्ड मूळ शरीरापासून वेगळे असतात आणि हेडलाइटही स्वतंत्र दांडीवर असतात, त्यामुळे ते काढले तरी गाडीचा चेहरा शाबूत राहतो. १९४० च्या फोर्डमध्ये हेडलाइट मडगार्डमध्येच बसवलेले आहेत. तिचे मडगार्ड काढले की पुढचा निम्मा भाग नव्याने घडवावा लागतो, म्हणून ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या कामासाठी ठेवावी. आपल्याकडे या किट बहुधा परदेशातून मागवाव्या लागतात. तेव्हा मागवण्यापूर्वी आयात शुल्क धरून किंमत काढावी आणि किटमध्ये मूळ फ्लॅटहेड व्ही-८ (व्ही आकारात आठ सिलिंडर असलेले फोर्डचे जुने) इंजिन आहे का, हे खोक्यावरच्या चित्रावरून पाहून घ्यावे. अनेक किटमध्ये फक्त हॉट रॉडसाठीचे, म्हणजे जुन्या गाडीत फेरफार करून बनवलेल्या वेगवान गाडीसाठीचे, नंतरच्या काळातले इंजिन दिलेले असते.

हत्यारे फार लागत नाहीत. भाग कापण्यासाठी चपट्या तोंडाचा निपर, धारदार हॉबी नाइफ, बारीक कानशींचा संच, ४०० ते १००० नंबरपर्यंतचे वॉटर पेपर, चिमटा, हाताने फिरवायचे बारीक ड्रिल, मास्किंग टेप, पातळ प्लॅस्टिक सिमेंट (प्लॅस्टिक विरघळवून जोडणारा गोंद), सुपरग्लू आणि पुट्टी एवढे पुरे. याखेरीज २ मिलिमीटर व १ मिलिमीटर जाडीच्या स्टायरीनच्या (एक प्रकारच्या प्लॅस्टिकच्या) काड्या आणि पाव ते अर्धा मिलिमीटर जाडीचा स्टायरीनचा पत्रा घ्यावा.

कापण्याआधी ठरवायच्या गोष्टी

किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात, तिच्यातून पहिला भाग सोडवण्याआधी आपली गाडी कोणत्या वर्षाची आणि कोणत्या प्रदेशातली, हे ठरवून कागदावर लिहून ठेवावे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस चालकामागे एकच कमान आणि तिला मागून दोन आधार एवढ्यावर भागत असे, पुढे पाइपांची संख्या वाढत गेली. त्या काळातली कृष्णधवल छायाचित्रे इंटरनेटवर पुष्कळ आहेत. एकाच गाडीची समोरून, बाजूने आणि आतून अशी तीन छायाचित्रे मिळाली तर उत्तमच. न मिळाल्यास एकाच काळातल्या तीन वेगवेगळ्या गाड्या समोर ठेवून आपली काल्पनिक गाडी रचावी. त्यात काहीही गैर नाही.

या टप्प्यावर एका मुद्द्याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण नवशिक्यांचे सर्वांत जास्त काम इथेच बिघडते. १९३४ ची गाडी १९५० मध्ये जेमतेम सोळा वर्षांची होती. आज आपल्याला ती पुराणवस्तू वाटते, म्हणून हात आपोआप गंजाच्या रंगाकडे वळतो आणि गाडी पन्नास वर्षे शेतात पडून राहिल्यासारखी दिसू लागते. प्रत्यक्षात ती दर आठवड्याला धावणारी, ठोकली की सरळ केली जाणारी आणि पुन्हा रंग मारली जाणारी गाडी होती. तिच्यावर पोचे, ओरखडे, चिखल आणि तेल भरपूर असे. गंज मात्र सायलेन्सरच्या नळ्यांवर आणि रंग खरवडून गेलेल्या जागी तेवढाच.

पहिला टप्पा: काढून टाकणे

भाग निपरने चौकटीपासून थोडे दूर कापावेत आणि उरलेला बुंधा चाकूने व वॉटर पेपरने साफ करावा. सर्व मोठे भाग कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाने धुऊन घ्यावेत, नाहीतर साच्याच्या तेलामुळे रंग धरत नाही. त्यानंतर शरीर, चॅसिस, बॉनेट आणि चाके केवळ मास्किंग टेपने जोडून गाडी एकदा उभी करावी. मडगार्ड आणि फूटबोर्ड न लावल्याने चॅसिसच्या बाजू उघड्या पडतात. किटमध्ये त्या झाकल्या जाणार म्हणून ओबडधोबड ठेवलेल्या असू शकतात, तेव्हा जिथे फटी किंवा पोकळ्या दिसतील तिथे पातळ स्टायरीनच्या पट्ट्या चिकटवून घासून घ्याव्यात.

काचा, हेडलाइट, बंपर, दारांच्या मुठी, मागचे दिवे आणि नंबरप्लेट वगळावेत. दाराची मूठ शरीरावरच कोरलेली असेल तर ती हलक्या हाताने तासून टाकावी. छपराकडेही नजर टाकावी: १९३६ पर्यंतच्या फोर्ड कूपेंच्या छपराचा मधला भाग पत्र्याचा नसून कापडी आच्छादनाचा होता. जॅलोपी करताना तिथे साधा पत्रा ठोकलेला किंवा भोक तसेच ठेवलेले दिसते. पाव मिलिमीटरचा स्टायरीनचा तुकडा तिथे चिकटवून कडेने बारीक टोचे मारले की रिव्हेट मारलेला पत्रा तयार होतो. एवढ्या छोट्या कामाने गाडीत फार मोठा फरक पडतो.

किटमधले क्रोमचे भाग जॅलोपीत जवळजवळ शोभत नाहीत. घरगुती ब्लीचमध्ये ते बुडवून ठेवले की क्रोम सुटून येते. हे काम हातमोजे घालून, हवेशीर जागी करावे आणि ब्लीचमध्ये शौचालय साफ करण्याचे ॲसिड किंवा दुसरे कोणतेही रसायन मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो.

दुसरा टप्पा: इंजिन आणि चॅसिस

बॉनेटच्या बाजू काढलेल्या असल्या की इंजिन उघडे दिसते, म्हणून इथे थोडा जास्त वेळ द्यावा. फोर्डचे फ्लॅटहेड व्ही-८ इंजिन १९३२ मध्ये आले. तेव्हा ते २२१ घनइंचाचे आणि ६५ अश्वशक्तीचे होते. स्वस्तात मुबलक मिळणारे व्ही-८ इंजिन असल्यामुळे जॅलोपीच्या जगात त्याचे राज्य होते. प्रतिकृतीसाठी त्याच्या रचनेतल्या दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. प्रत्येक बाजूला सिलिंडर चार असले तरी धूर बाहेर पडण्याची तोंडे तीनच आहेत, कारण मधल्या दोन सिलिंडरांचा धूर एकाच तोंडातून निघतो. त्यामुळे सायलेन्सरच्या नळ्या स्वतः घडवताना एका बाजूला चार नळ्या लावल्या, तर जाणकाराला ती चूक लगेच दिसते. दुसरे म्हणजे इंजिनाला पाण्याचे पंप दोन आहेत, म्हणून रेडिएटरला वरून दोन आणि खालून दोन अशा चार रबरी नळ्या जातात. धुराची वाट ब्लॉकमधल्या पाण्याजवळून जात असल्याने हे इंजिन लवकर तापे. रेडिएटर फुटला की शर्यत तिथेच संपायची, म्हणूनच या गाड्यांच्या नाकापुढे एवढे दणकट पाइप दिसतात.

स्पार्क प्लगच्या तारांची खरी जाडी सुमारे ७ मिलिमीटर असते, म्हणजे प्रतिकृतीत ०.३ मिलिमीटर झाली. जुन्या इअरफोनच्या वायरीतली बारीक तार इथे चांगली चालते. प्लग हेडच्या वरच्या अंगाला, प्रत्येक बाजूस चार आहेत आणि डिस्ट्रिब्युटर (प्लगांना वीज वाटून देणारा भाग) इंजिनाच्या पुढच्या बाजूला आहे. तारा तिथून मागे न्याव्यात. ब्लॉकला १९३० च्या दशकातल्या फोर्डचा गडद हिरवा रंग देऊन त्यावर पातळ केलेला काळपट तपकिरी रंग ओघळू द्यावा.

चॅसिस किटप्रमाणेच जोडावी. फोर्डमध्ये पुढे एक आणि मागे एक असे आडवे पाटे असतात आणि मागच्या एक्सलकडे जाणारा शाफ्ट नळीत बंद असतो, म्हणून छायाचित्रात न दिसणारे उघडे शाफ्ट किंवा लांबीच्या दिशेचे पाटे स्वतःहून जोडू नयेत. जोडताना चारही चाके सपाट काचेवर टेकतात ना, हे सिमेंट वाळण्यापूर्वीच तपासावे.

चाकांबाबत ठाम सांगावेसे वाटते: किटमधले रुंद मागचे टायर आणि बुटके पुढचे टायर बाजूला ठेवावेत. ते हॉट रॉडचे आहेत. १६ इंची रिमवरचा ६.०० मापाचा टायर साधारण २८ इंच उंच आणि ६ इंच रुंद असतो, म्हणून प्रतिकृतीत २८ मिलिमीटर उंच व ६ मिलिमीटर रुंद टायर शोधावा. साध्या पोलादी चकतीचे रिम सर्वांत योग्य. गाडी जमिनीपासून मूळ उंचीवरच उभी राहावी. ती खाली बसवली की सगळा अवतार बदलतो.

तिसरा टप्पा: मजबुती

आता पाइपांचे काम. सुमारे दोन इंच जाडीच्या पाइपासाठी २ मिलिमीटरची स्टायरीनची काडी वापरावी. काडी एकदम वाकवली तर तुटते किंवा चेपते, म्हणून ती गरम पाण्यात धरून एखाद्या मार्करभोवती हळूहळू वळवावी आणि थंड पाण्यात बुडवून आकार पक्का करावा. मुख्य कमान चालकाच्या आसनामागे, छपराच्या आतून जेमतेम बसेल एवढ्या उंचीची असावी. आधीच कागदावर गाडीच्या आतल्या रुंदीचा आराखडा काढून त्यावर काडी ठेवत वाकवली, तर दोन्ही पाय सारखे येतात. कमानीचे पाय जमिनीच्या पत्र्यावर न टेकवता चॅसिसच्या दांड्यांपर्यंत न्यावेत. गाडी उलटली की सगळा भार तिथे जायचा, आणि पातळ पत्र्यावर टेकलेली कमान चालकाला वाचवू शकली नसती. सांधे घासून गोलाईत बसतील असे करावेत.

पुढच्या बंपरच्या जागी दोन आडवे पाइप आणि त्यांना जोडणारे उभे तुकडे, मागे तसेच पण थोडे साधे, आणि बाजूला चाकांच्या मधल्या जागेत एकेक आडवा पाइप अशी रचना ठेवावी. शेजारच्या गाडीचे चाक आपल्या चाकांत अडकू नये, यासाठी बाजूचे पाइप असत. काढलेल्या काचेच्या जागी तीन-चार उभ्या सळया किंवा जाळी लावावी. चहाच्या बारीक गाळणीची जाळी यासाठी आणि रेडिएटरपुढे लावण्यासाठी अतिशय उपयोगी पडते.

दाराच्या फटीवर वेल्डिंग दाखवण्यासाठी एक जुनी युक्ती आहे. किटच्या चौकटीची काडी मेणबत्तीच्या ज्योतीपासून थोडी दूर धरून मऊ करावी आणि ताणून केसासारखा धागा काढावा. त्याचे ६ ते ८ मिलिमीटरचे तुकडे फटीवर तीन-चार ठिकाणी ठेवावेत, त्यांवर पातळ सिमेंटचा ब्रश फिरवावा आणि प्लॅस्टिक मऊ झाले की चाकूच्या बोथट पाठीने जवळजवळ टोचे मारत जावे. वाळल्यावर ओबडधोबड वेल्डिंगची रेघ तयार होते.

पोचे काढण्यासाठी शरीराचे प्लॅस्टिक आतून चाकूने खरवडत पातळ करावे. उजेडासमोर धरल्यावर तेवढा भाग किंचित पारदर्शक दिसू लागला की थांबावे, गरम पाण्यात क्षणभर धरावे आणि गोल टोकाच्या दांडीने बाहेरून दाबावे. पोचे कुठे काढायचे याचाही विचार हवा. या शर्यती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने धावतात, म्हणजे उजवी बाजू सदैव बाहेरच्या कठड्याकडे असते. म्हणून उजव्या बाजूला लांबट घासले गेलेले पोचे आणि पुढे-मागे टकरींच्या खुणा असाव्यात. सगळ्या गाडीवर सारखे पोचे पाडले तर ते खोटे दिसतात.

आतमध्ये एकच आसन डावीकडे ठेवावे. सजावटीची कापडे, दारांची आतली पॅनेले आणि मागचे आसन काढून टाकावे. युद्धानंतर लष्करी विमानांचे जादा सामान स्वस्तात विकले जात होते, त्यातली आसने आणि पट्टे अनेकांनी वापरले. मास्किंग टेपच्या ३ मिलिमीटर रुंदीच्या पट्टीला मळकट खाकी रंग देऊन आणि बारीक तारेची बकल लावून असा पट्टा बनतो. डॅशबोर्डवर तेलाचा दाब आणि पाण्याचे तापमान दाखवणारे दोन काटे पुरेसे आहेत.

चौथा टप्पा: रंग आणि आकडे

सर्वांत आधी राखाडी प्रायमरचा पातळ हात द्यावा. त्यात उघड्या पडलेल्या फटी पुट्टीने भरून पुन्हा घासाव्यात. रंग फवारताना महाराष्ट्रातल्या हवेचे भान ठेवावे. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्याच्या दमट दिवसांत लॅकरच्या रंगावर पांढुरकी झाक येते, तर विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी रंग वाटेतच सुकून पृष्ठभाग खरखरीत होतो. पावसाळ्यात कोरडा दिवस गाठावा आणि उन्हाळ्यात सकाळी लवकर काम उरकावे.

रंग खरवडून गेल्याचा परिणाम हवा असेल, तर प्रायमरवर गंजाचा तपकिरी रंग देऊन त्यावर पारदर्शक लॅकरचा थर पक्का वाळू द्यावा. मग केसांच्या स्प्रेचे दोन हलके थर द्यावेत आणि त्यावर ॲक्रिलिकचा मुख्य रंग मारावा. साधारण अर्ध्या तासात त्या जागी पाणी लावून ताठ केसांच्या ब्रशने हळूच घासले की वरचा रंग तुकड्यातुकड्यांनी निघतो. हे फक्त पाइपांच्या कडा, पोच्यांचे उंचवटे आणि बॉनेटच्या कोपऱ्यांवर करावे.

आकडा गाडीचा प्राण आहे. खऱ्या गाडीवर दारभर, दीड ते दोन फूट उंचीचे आकडे असत, म्हणजे आपल्याला १८ ते २४ मिलिमीटर उंची हवी. ते हाताने रंगवलेले असत, म्हणून शक्य असल्यास बारीक ब्रशने आपणही हातानेच रंगवावेत. आधी पेन्सिलीने पुसट रेषा काढाव्यात आणि रंग दोन पातळ हातांत द्यावा. ज्यांना डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रे) छापायचे असतील त्यांनी ध्यानात ठेवावे की घरचा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. पांढऱ्या आकड्यासाठी पांढरा डेकल कागद घ्यावा. इंकजेटवर छापलेले डेकल पाण्यात टाकण्याआधी त्यावर पारदर्शक लॅकरचा थर द्यावा, नाहीतर शाई वाहून जाते. दारामागे एखाद्या गॅरेजचे किंवा पेट्रोल पंपाचे काल्पनिक नाव लहान अक्षरांत लिहावे. या गाड्या गावातल्या अशाच छोट्या व्यावसायिकांच्या मदतीवर धावत.

पाचवा टप्पा: माती

अमेरिकेतल्या ट्रॅकची माती प्रदेशागणिक वेगळी आहे, आणि ती दाखवायला मराठी मुलखात साहित्याची कमतरता नाही. जॉर्जियासारख्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या लाल चिकणमातीसाठी कोकणातली तांबडी माती रंगाने फार जवळची आहे, आणि आयोवातल्या काळ्या चिकट मातीसाठी देशावरची काळी माती. कॅलिफोर्नियातली गाडी असेल तर फिकट तपकिरी रंग घ्यावा. माती जुन्या तव्यावर कोरडी भाजून घ्यावी म्हणजे ओल आणि बुरशी राहत नाही. मग ती मलमलच्या कापडातून दोनदा गाळावी. जाडसर कण राहिले तर १:२५ प्रमाणात ते दगडांएवढे दिसतात.

गाळलेल्या मातीत पाणी आणि मॅट ॲक्रिलिक व्हार्निश मिसळून दाट लगदा करावा आणि तो चाकांच्या मागे, चॅसिसच्या खालच्या अंगाला, एक्सलवर आणि आडव्या पाट्यांच्या खाचांत लावावा. पुढचे मडगार्ड नसल्याने पुढच्या चाकांनी उडवलेला चिखल थेट दाराच्या पुढच्या भागावर आणि काचेच्या जागेच्या खालच्या कोपऱ्यांवर बसतो. तिथे ताठ ब्रश लगद्यात बुडवून त्याचे केस काडीने मागे ओढत शिंतोडे उडवावेत. शिंतोडे पुढून मागे गेलेले दिसायला हवेत, म्हणून ब्रश गाडीच्या पुढच्या बाजूला धरावा. आकडा मात्र पूर्ण झाकू नये, कारण फेऱ्या मोजणाऱ्यांना तो दिसलाच पाहिजे असे.

वरच्या सपाट भागांवर कोरडी माती मऊ ब्रशने हलकेच पसरावी आणि जास्तीची फुंकून टाकावी. टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागाला ओला लगदा लावून, तो अर्धवट सुकला असताना चाक कागदावर एकदा फिरवले की खाचांत माती राहते आणि कडा काळ्या दिसतात. सर्वात शेवटी मॅट व्हार्निशचा एक पातळ फवारा दोन हात अंतरावरून द्यावा. जवळून दिला तर कोरडी माती ओली होऊन तिचा रंग गडद होतो, म्हणून गाडीवर फवारण्याआधी मातीचा तोच थर एखाद्या टाकाऊ मडगार्डवर देऊन फवारा तपासून घ्यावा.